रिकामी फेरी कुणाच्या खात्यावर?

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–नगर रस्त्यावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. याच रस्त्याने पुण्याकडून येताना नगरच्या अगदी तोंडाशी लागतं ते केडगाव. एसटीच्या आधी इथे राज्य होतं खाजगी मोटारमालकांचं. गाडी त्यांची, फायदा त्यांचा आणि प्रवासी नाही मिळाले तर तोटाही त्यांचाच. एसटी आली आणि चाकावर बसलेल्या माणसाला एक नवी सोय झाली. गाडी भरून गेली काय नि रिकामी गेली काय, पगार ठरलेला.

आज केडगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. भूषणनगर, शाहूनगर, अंबिकानगरच्या गल्ल्यांतून सकाळी छोटे हत्ती आणि पिकअप बाहेर पडतात. कुणी कुरिअरचा माल उचलतो, कुणी गॅस, दूध, औषधं पोचवतो, कुणी नागापूर किंवा सुपा एमआयडीसीची फेरी मारतो. यातल्या पगारी ड्रायव्हरांच्या तोंडी एक बोलणं कायम असतं आणि ते साधारण असं चालतं:

"सोडावी म्हणतो राव. पगार टायमावर येतो, पण वाढत नाही."

"मग घे ना स्वतःची गाडी. लोन भेटतंय."

"लोन भेटंल, पण भाडं?"

"नेप्तीला कांदा काय कमी येतो का, भाऊ?"

पहिला गडी भाड्याचं विचारतो, तिथे तो बरोबर जागी बोट ठेवतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र अर्धंच आहे. नेप्तीच्या उपबाजारातून कांदा घेऊन गेलेली गाडी परत कशी येते, हे त्यात येत नाही.

आधी हातातली नोकरी नीट मोजू. 'सुरक्षित नोकरी' हे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू असतात आणि त्या बहुतेक पगाराच्या चिठ्ठीवर बसलेल्या असतात. समजा एका डिलिव्हरी ड्रायव्हरचा एकूण पगार १८,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन अधिक महागाई भत्ता १३,०००. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,५६०, राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १३५, व्यवसाय कर २००. हातात येतात १६,१०५. घरी सांगितला जातो तो हाच आकडा आणि नोकरी सोडायचं गणितही बहुतेक जण इथूनच मांडतात.

मालकाच्या बाजूने काय जातं ते या आकड्यात नाही. पीएफचे तेवढेच १,५६०, त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३ रुपये, पेन्शन योजनेत वळते होतात. कामगार विम्याचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. १३,००० ला २६ ने भागून पंधराने गुणलं की वर्षाचे ७,५००, महिन्याचे ६२५. तिन्हींची बेरीज २,७७०. म्हणजे १६,१०५ वाटणाऱ्या नोकरीचं खरं मोल महिन्याला २०,७७० आहे. दुसऱ्या कामातून अठरा हजार सुटू लागले म्हणून कुणी खुशीत असेल, तर तो तोट्यात आहे.

याशिवाय एक गोष्ट चिठ्ठीवर दिसतच नाही. पीएफच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर ठेवसंलग्न विमा योजनेतून वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. दिवसभर महामार्गावर असणाऱ्या माणसाच्या घराला याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, असा माझा अनुभव आहे.

आता उलट बाजू. चिठ्ठीच मिळत नसेल, पगार रोखीत किंवा ठेकेदाराच्या फोनवरून येत असेल, पीएफच्या पासबुकात नोंदी नसतील, तर ती नोकरी फक्त सवयीची आहे. सुरक्षित म्हणण्यासारखं तिच्यात काही नाही. उमंग ॲपवर आपला यूएएन टाकून पासबुक उघडायला पाच मिनिटं लागतात. पगारातून पैसे कापले जातात आणि पासबुकात चढत नाहीत, असं दिसलं तर राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवून आधी ते सरळ करून घ्यावं. सोडून गेलेल्या माणसाला जुन्या मालकाकडून कागद काढणं किती जड जातं, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

या वस्तूंपैकी बऱ्याच आपल्याबरोबर नेता येतात, हे मात्र लोकांना पटत नाही. पीएफ खातं नव्या नोकरीत वर्ग होतं. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं एकाच मालकाकडे भरावी लागत नाहीत. तीन ठिकाणची तीन-तीन, चार-चार वर्षं जोडली जातात. घोळ होतो तो पैसे काढण्यात. गाडीच्या डाउन पेमेंटला रक्कम कमी पडते, म्हणून माणूस पीएफ आणि पेन्शनची रक्कम दोन्ही काढून मोकळा होतो आणि सात-आठ वर्षांची पेन्शनची सेवा शून्यावर येते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, तो वेगळाच. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वेतन १५,००० धरलं तर दहा वर्षांना २,१४३ रुपये महिना, पंचवीस वर्षांना ५,३५७. रक्कम थोडी आहे, हे मान्य. पण ५८ व्या वर्षी स्टेअरिंगवरचे हात दुखायला लागल्यावर महिन्याला येणारे दोन हजार तरुणपणीच्या दोन हजारांपेक्षा मोठे असतात.

म्हणून 'सोडू का?' याच्या आधी 'कधी सोडू?' हे विचारावं. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग सेवा झाल्यावर मिळते. वरच्या उदाहरणात पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. चार वर्षं दहा महिन्यांवर वैतागून चावी टेबलावर आपटणाऱ्याचा राग चांगलाच महागात जाऊ शकतो. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी पुरे, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे, पण त्यासाठी भांडावं लागू शकतं. दोन महिने थांबणं त्याहून स्वस्त. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरच प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. तेव्हा आपल्या नेमणूकपत्रावर 'कायम' लिहिलंय की 'मुदतीचा करार', हे वाचून घ्यावं. वेतन संहितेने आणखी एक सोय केली आहे. राजीनामा दिलेल्या कामगाराचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला हवं आणि फुटलेल्या, हरवलेल्या मालापोटी कपात करायची झाली तरी सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

कामगार विम्याचंही कॅलेंडर आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचारांचा हक्क राहतो; ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोकरी सुटली की दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार बंद होत नाही. घरात कुणाचं बाळंतपण किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल, तर राजीनाम्याची तारीख हे सहामाहीचं वेळापत्रक समोर ठेवून काढावी.

एवढं सगळं मोजल्यावरही एक गोष्ट उरते, जी बरोबर नेता येत नाही आणि विकतही मिळत नाही. पगारी ड्रायव्हरची गाडी दुसऱ्या कुणाची तरी असते. टायर फुटला, क्लच प्लेट गेली, माल नाही म्हणून गाडी उभी राहिली, परतीला भाडं लागलं नाही, सगळं मालकाच्या खात्यावर. माझ्या मते नोकरीची खरी सुरक्षितता एवढीच आणि गाडी घेणारा माणूस सगळ्यात कमी मोजतो तीही हीच.

मोजून पाहू. समजा पिकअपसाठी आठ लाखांचं कर्ज काढलं, साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे १७,२०० रुपये. रोज १०० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस, लिटरला बारा किलोमीटर, डिझेल ९१ रुपये धरलं तर १९,०००. विमा, टॅक्स, पासिंग मिळून महिन्याला चार हजार बाजूला काढावे लागतील. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये आहे. टायर, ऑइल, किरकोळ दुरुस्तीला पाच हजार. झाले ४५,२००. त्यावर मघाचे २०,७७०, म्हणजे जुन्या नोकरीची बरोबरी. महिन्याला सुमारे ६६,००० रुपयांचं भाडं हवं, रोजचे २,६४०. इथवर आकडा अशक्य वाटत नाही. पण महिन्यात पाच दिवस गाडी उभी राहिली, तर डिझेल वाचतं, हप्ता वाचत नाही आणि रोजचा आकडा ३,१०० वर जातो.

आता रिटर्नचा हिशेब. रोजच्या १०० किलोमीटरपैकी ८० किलोमीटर गाडी भरलेली असेल, तर भरल्या किलोमीटरमागे ३३ रुपये पडले की जुन्या नोकरीची बरोबरी होते. जाताना भरलेली आणि येताना रिकामी असेल, म्हणजे पन्नासच किलोमीटरचं भाडं मिळत असेल, तर दर ५३ रुपयांच्या घरात जातो. गाडी तीच, माणूस तोच, मेहनतही तेवढीच. या वीस रुपयांच्या फरकावर कुणाचा हप्ता वेळेत जातो आणि कुणाची गाडी फायनान्सवाले ओढून नेतात. वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कुणी द्यायची, गाडी खाली व्हायला दुपार गेली तर थांबण्याचे पैसे मिळणार का, हे प्रश्न त्याच्या पुढचे.

कांद्याच्या भरवशावर बसलेल्याला आणखी एक धनी असतो: दिल्ली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच आली आणि ती उठली ४ मे २०२४ ला. शेतकऱ्याच्या नुकसानीबद्दल तेव्हा भरपूर लिहिलं गेलं, रास्तच होतं. पण लिलाव थांबले की ज्याचं भाडं बुडतं, त्या पिकअपवाल्याला कुणी मोजलं नाही. पगारी ड्रायव्हरला निर्यातशुल्काची बातमी ही फक्त बातमी असते.

मग गाडी घेऊच नये का? तसंही नाही. फक्त आधी गिऱ्हाईक आणि मग गाडी, असा क्रम असावा. वर्षभर माल असणारी निदान दोन ठिकाणं आधी पक्की हवीत आणि त्यांतलं एक तरी परतीच्या दिशेचं. केडगावच्या माणसाला यात जागेचा फायदा आहे: पुणे रस्ता दारात, सुपा एमआयडीसी त्याच रस्त्यावर, बाह्यवळण जवळ. पुण्याला माल घेऊन जाणाऱ्याला परतताना सुप्याचं किंवा नगरचं काही मिळण्याची शक्यता आडमार्गावरच्या गावापेक्षा नक्कीच जास्त. कर्जासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. त्यांनी हप्त्याचा भार हलका होतो, रिकामी फेरी भरत नाही.

ॲपवर जाण्याचा मार्ग याहून सोपा दिसतो, कारण तिथे कर्ज नसतं. बाइक असते, फोन असतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०–२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९–३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची कायद्यात पहिल्यांदा दखल घेतली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या निधीसाठी द्यायचे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा. ही सुरुवात आहे, पीएफ नव्हे. इंधन, टायर आणि पावसात भिजणं इथेही आपलंच. पांढऱ्या पाटीच्या खाजगी बाइकवर धंद्याची डिलिव्हरी करताना अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, हे पॉलिसी वाचून आधीच बघावं. कॉलेज करणाऱ्या पोराला किंवा संध्याकाळचे चार तास मोकळे असणाऱ्याला हे काम ठीक. चिठ्ठीवर पीएफ असलेल्या चाळिशीच्या माणसाने तेवढ्याच कमाईसाठी तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा रस्ता मात्र कमी बोलला जातो: नोकरी बदलायची, चाक सोडायचं नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती चालवणारा माणूस थोड्या मोठ्या गाडीवर जायला आजच मोकळा आहे. त्याच्या वर जायचं तर हेवी परवाना. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असावा लागतो. हेवी परवाना आणि अनुभव असेल तर एसटीच्या भरतीचंही दार उघडतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला एसटीचा संप सहा महिने लांबला. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली, तेव्हा कुठे गाड्या पूर्ववत धावल्या. शिक्क्याची नोकरीही पगार थकला की किती पातळ होते, ते त्या हिवाळ्यात महाराष्ट्राने पाहिलं.

हिशेब मांडूनही निर्णय होत नाही, असंही होतं. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की हातातलं जाण्याचं दुःख तेवढंच मिळण्याच्या आनंदापेक्षा बरंच जड असतं. म्हणून माणूस आहे तिथेच चिकटतो. स्टीव्हन लेविट या अर्थतज्ज्ञाने पुढे एक गंमतशीर प्रयोग केला. निर्णय होत नसलेल्या लोकांसाठी त्याने संगणकावर नाणं उडवलं, वीस हजारांहून जास्त वेळा. मोठ्या प्रश्नांत, नोकरी सोडण्याच्या प्रश्नासह, बदल करणारे लोक सहा महिन्यांनी जास्त समाधानी निघाले. हे वाचून लगेच नाणं काढू नका. ती मंडळी स्वतःहून आलेली होती, आधीच कुंपणावर बसलेली आणि त्यांच्या डोक्यावर पिकअपचा हप्ता होता की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. मात्र तीन-तीन वर्षं रोज 'सोडावी म्हणतो' म्हणणाऱ्याला त्यातून घेण्यासारखं आहे.

कंबर धरली, रात्रीच्या फेऱ्यांनी झोप गेली, म्हणून सोडायची असेल तर स्वतःची गाडी हा उपाय नव्हे. तिथे तास वाढतात. सुपरवायझरचा जाच असेल तर बहुतेक वेळा रूट किंवा कंपनी बदलून भागतं. पगार वाढायचा थांबला असेल, पोरांच्या फीची चिंता असेल, तरच वरचं सगळं गणित कामाचं.

आणि ज्याने ठरवलंच आहे, त्याने आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाचा शोध जुन्या गेटपासून सुरू करायला हरकत नाही. ॲमेझॉनने मे २०१९ मध्ये अमेरिकेत आपल्याच कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं: नोकरी सोडा, स्वतःची डिलिव्हरी कंपनी काढा, सुरुवातीच्या खर्चाला दहा हजार डॉलरपर्यंत आणि वर तीन महिन्यांचा पगार देतो. कंपनीला त्यात काय दिसलं, हे ओळखायला अवघड नाही. गाड्यांची आणि ड्रायव्हरांची कटकट दुसऱ्याच्या अंगावर जाते. आपल्याकडे याचं छोटं रूप म्हणजे गाडी 'अटॅच' करणं. गेट तेच, रूट तोच, दुकानदार तेच, फक्त डिझेल आता आपल्या खिशातून. म्हणून अटॅचच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे मिळणार, मग माल असो वा नसो; डिझेल दोन-तीन रुपयांनी वाढलं तर दर किती वाढणार; आणि परतीचे किलोमीटर मीटरवर धरणार की नाही. तिसऱ्या मुद्द्यावर समोरचा का-कू करतो. तिथे घाई करू नये. राजीनाम्याचा कागद त्यानंतरही देता येतो.